लॅपटॉपचें आयुष्य आणि ग्राहकाचा हक्क

जळगांवच्या बाजारांतून तीस हजारांचा लॅपटॉप आणला आणि हमीचें वर्ष सरतें न सरतें तोंच त्याची बिजागरी उखडली, तर दुकानदार म्हणतो, ‘हमी संपली!’ वाद मात्र एवढ्यानें संपत नाहीं. हमी हें विक्रेत्याचें वचन. तें वस्तूच्या आयुष्याचें माप नव्हे. स्वस्त यंत्रानेंहि चार वर्षें चालावें, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाहीं. बॅटरी आधीं थकेल, खानदेशचा उन्हाळा आणि धूळ पंख्यास जाचेल, चहा सांडला तर दोष आपलाच. पण बिजागरी ही उघडझाप करण्यासाठींच असते ना?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. धुळ्याच्या गृहस्थानें यंत्र पुण्याहून मागविलें असलें तरी तो धुळ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊं शकतो. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस तेथें शुल्क नाहीं. मात्र दोष मूळ घडणीचा होता हें दाखवावें लागतें, आणि येथेंच आपण फसतों: पावती हरवलेली, दुरुस्ती करणाराचें म्हणणें तोंडीच. यंत्र उघडण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें व दोष कशाचा हें त्याच्याकडून लिहून घ्यावें. पावती नाकारणें ही तर कायद्याच्या दृष्टीनें अनुचित व्यापारप्रथाच होय.