घोट्यावरचे बूट आणि आपले रोजचे नेसणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे लग्न झाले, आणि त्यानंतर उभे राहून चार माणसांपुढे बोलण्याचा प्रसंग आज प्रथमच येत आहे. तेव्हा चुकले माकले तर सांभाळून घ्यावे. दर वर्षी या दिवशी कोणी लोणच्या-पापडावर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. या खेपेला ताईंनी मला विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "बुटांवर." ताईंना ऐकू आले भुट्ट्यांवर! त्या म्हणाल्या, "बरे झाले, मक्याचे दोन पदार्थ सांगा."

तर मक्याचे नव्हे, मी पायातल्या बुटांचेच सांगणार आहे. घोटा झाकून वर चार बोटे येतात तसले बूट, आणि ते बायकांनी आपल्या रोजच्या साडीवर, लुगड्यावर, गाऊनवर कसे घालावेत ते. हसू येत असेल तर आताच हसून घ्यावे. मला आधी हसण्याचीच गोष्ट सांगायची आहे, आणि त्यात कमीपणा माझ्याकडे आहे.

आमच्या घरी मी थोरली, माझी जाऊ धाकटी. दीड एकर हळद असते. तीन वर्षांमागे आषाढात आम्ही दहा-बाराजणी निंदायला गेलो होतो. धाकटीचा मुलगा पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करी, त्याने टाकून दिलेले कापडी हंटर बूट तिने पायात घातले होते. साडी वर खोचलेली, अंगात दिराचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल आणि खाली ते खाकी बूट. मी सगळ्यांदेखत म्हटले, "काय गं, मिलिटरीत भरती व्हायलीस का?" सगळ्या हसल्या. एकीने खुरपे खांद्याला लावून सलाम ठोकला. धाकटीही हसली. दुसऱ्या दिवशी ती आपली रबरी चप्पल घालून आली, आणि ते बूट पडवीत खुंटीला लटकले.

भाद्रपदात हळद कमरेला लागते. पाने इतकी दाट की आपले पाऊल आपल्याला दिसत नाही. खाली सारखा ओलावा असतो, तेथे बेडूक येतात, उंदीर येतात आणि त्यांच्या मागे दुसरे कोण येते ते तुम्हाला सांगायला नको. दिवस मावळता धाकटी म्हशीसाठी बांधावरचे गवत कापीत होती. घोणस चावली. घोट्याच्या हाडाच्या वर एक बोट, बाहेरच्या अंगाला. मी ती जागा पुष्कळदा पाहिली आहे. खुंटीवरच्या बुटाचे कापड त्या जागेच्या वर तीन बोटे येते.

पहिला अर्धा तास घरात वाद झाला. कोणी म्हणे उतारा करणाऱ्याकडे न्या, कोणी म्हणे आवळून बांधा. शेवटी पुतण्याने जीप आणली आणि दवाखान्यात नेले. सर्पविषावरची लस मिळाली, जीव वाचला. पण अकरा दिवस राहावे लागले, लघवीला त्रास झाला, पायाचे मांस झडले आणि मांडीची कातडी काढून तेथे लावावी लागली. अजून उजवा पाय संध्याकाळी सुजतो. तिने आजपर्यंत मला एका शब्दाने बोलून दाखविले नाही. म्हणून मीच बोलत आहे.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे आपल्या निंदणी-खुरपणीच्याच दिवसांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी, आणि दंश बहुतेक पायावर होतो. बूट घातला म्हणजे साप चावणारच नाही असे मी म्हणत नाही. घोणसेचे दात लांब असतात, पातळ कापडातून लागूही शकतात. पण उघड्या कातडीपेक्षा जाड कापड बरे, आणि जाड कापडापेक्षा रबर बरे, एवढे कोणालाही कळते. आणि तरीही चावलाच, तर कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा.

आता कोणी म्हणेल, मग आजवर बायकांनी बूट का घातले नाहीत? अहो, चपलेचीच मारामार होती. माझी आजी सांगे, पारावर वडीलधारी माणसे बसलेली असली तर सुनेने वहाणा हातात घेऊन जायचे. गावकुसाबाहेरच्या लोकांनाही वरच्या आळीतून पायताण घालून जाण्याची बंदी असे. पायात काय घालावे हे ज्याच्या त्याच्या पायावर सोडलेलेच नव्हते. "पायीची वहाण पायीच बरी" ही म्हण तर आपण बायकांनी सासरी कितीदा ऐकली असेल! आपल्या वाचनवर्गात बाईंनी डॉक्टर आनंदीबाई जोशींची हकिकत वाचून दाखविली, ती मला फार लागली. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाई सांगतात की, मुंबईत त्या शाळेत जात तेव्हा लोक हसत, ओट्यावर बसलेली प्रतिष्ठित माणसे खडे मारीत आणि दुकानदार थुंकत. बूट आणि छत्री ही पुरुषांच्या मोठेपणाची चिन्हे, ती बायकांनी घेतली म्हणून त्यांच्यावर आणि काशीबाई कानिटकरांवर दगड आले, असेही एका पुस्तकात लिहिलेले आहे. आनंदीबाई पुढे अमेरिकेत गेल्या, तेव्हा तिकडच्या थंडीत नऊवारीखाली पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून लुगडे गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. कपड्याला पाय की पायाला कपडा, हा विचार एवढ्या मोठ्या बाईलाही करावा लागला. त्यांच्यावर परक्यांनी दगड टाकले. धाकटीवर मात्र घरच्याच बाईने, म्हणजे मी, हसण्याचा दगड टाकला.

असो. आता कामाचे बोलते.

धाकटी दवाखान्यातून आल्यावर मी बाजारात बूट घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "बाईमाणसाच्या मापाचे गमबूट येत नाहीत." मोठे घेतले तर चिखलात बूट तेथेच राहतो आणि पाय बाहेर येतो. शेवटी मुलांच्या मापात पाच नंबरचे मिळाले. तुम्ही जाल तेव्हा संध्याकाळी जा, दिवसभराच्या कामाने पाय फुगलेला असतो, तेव्हाचे माप खरे. आणि मोजा घालूनच माप द्या. हंटर बूट कोरड्या दिवसांसाठी चांगले, हलके असतात. पावसात मात्र ते पाणी पितात आणि आपली काळी माती अशी धरतात की एकेका पायाला शेर-शेर चिखल घेऊन चालावे लागते. तेथे रबरीच हवेत, तळ खोल खाचांचा आणि टाच सपाट.

साडीवर बूट घालायचे म्हणजे मुख्य अडचण निऱ्यांची. चपलेवर जशी घोळदार नेसतो तशी बुटावर नेसली तर काठ बुटाच्या तोंडात अडकतो, फॉल उसवतो आणि तोंडावर पडायची वेळ येते. मी जुने दोन परकर चार-चार बोटे आखूड करून टीप मारून ठेवले आहेत, ते फक्त शेताचे. परकर आखूड झाला की साडी आपोआप वर राहते. निऱ्या गोळा करून कमरेला खोचतो तेव्हा नडगी उघडी पडते, त्यासाठी पुरुषांचे लांब सुती मोजे किंवा आतून जुनी लेगिंग घालावी. उकडते खरे, पण गवत चिरत नाही आणि काटाही लागत नाही. बुटाच्या नाडीची टोके आत खोचून टाकावीत.

नऊवारीवर तर हे बूट जसे काही मापूनच केलेले वाटतात. काष्टा असल्यामुळे खाली लोंबणारे काही नाहीच. आमच्या आत्याबाई सत्तरीच्या आहेत, अजून नऊवारीत असतात. त्यांनी आधी नाके मुरडली, मग थंडीत टाचांच्या भेगांतून रक्त येऊ लागले तेव्हा गुपचूप माझा जोड घालून गोठ्यात जाऊ लागल्या. आता त्यांचा निराळा जोड आहे. इरकली लुगडे आणि काळे बूट, खरेच रुबाबदार दिसतात!

गाऊनचे मला फारसे कौतुक नाही. वर ओढणी घेऊन पुष्कळजणी तसेच शेतात येतात. गाऊनचा घेर कमी, ढांग टाकता येत नाही, आणि दवाने खालचा काठ भिजून बुटात पाणी झिरपते. घालायचाच असेल तर कमरेला ओढणी घट्ट बांधून गाऊन वीतभर वर ओढून घ्यावा.

पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलींना सोपे आहे. सलवारीची मोहरी कोरड्या दिवशी बुटाच्या आत खोचावी, म्हणजे मुंग्या-किडे वर चढत नाहीत. पाऊस असेल त्या दिवशी बाहेर सोडावी, नाही तर पायावरून ओघळलेले पाणी थेट बुटात जाते. माझी पुण्याची भाची कातड्याचे, बाजूला चेन असलेले बूट घालते. तिचे म्हणणे, बूट आणि लेगिंग एकाच गडद रंगाची असावी आणि कुर्ता गुडघ्यापर्यंत, म्हणजे पाय लांब दिसतात. दिसत असतील. बँकेत, कॉलेजात, एसटीच्या प्रवासात तसे जरूर घालावे, थंडीत ऊबही राहते. पण आपल्या वावरात आणू नये. एका पावसात कातडे कडक होऊन जाते, आणि चिखलात सगळ्यांचे पाय एकाच रंगाचे.

आता जोडव्यांचे. ही अडचण कोणी पुरुष सांगणार नाही, म्हणून मी सांगते. बंद बुटात जोडवी शेजारच्या बोटाला घासतात आणि एका दिवसात फोड येतो. मासोळ्या असतील तर विचारूच नका. काढून ठेवा म्हटले तर घरात सासूबाई आहेत, आणि आपलेही मन तयार होत नाही. मी सोनाराकडून साध्या चपट्या वेढ्याची जोडवी करून घेतली, वर नक्षी नाही, खडा नाही. मोजा घातला की ती कळतही नाहीत. धाकटीने मात्र सुजणाऱ्या पायातले जोडवे काढून मंगळसूत्रात ओवले आहे. आत्याबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पैंजण मोज्याच्या आत नको, वर राहू द्यावे, किंवा कामाच्या दिवशी डब्यात ठेवावे.

लग्नात, हळदीकुंकवाला, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला हे बूट नकोत. तेथे आपली चप्पलच बरी. उंबऱ्याबाहेर नाड्या सोडत बसले की मागची रांग कुरकुरते, आणि मोज्याला भोक असेल तर ते सगळ्या गावाला दिसते.

घरी आल्यावर बूट धुवून सावलीत वाळत घालावेत. उन्हात रबर तडकते. आत जुन्या वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवला तर रात्रीत ओल शोषली जाते. मोजे रोज धुतलेलेच हवेत, नाही तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आणि सकाळी घालण्यापूर्वी उलटे करून दोनदा आपटावेत. विंचवाला असली अंधारी जागा फार आवडते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन ज्यांनी कोकणात महाडला पुष्कळांचे जीव वाचविले आणि २०२२ साली ज्यांना पद्मश्री मिळाली, ते डॉक्टर हिंमतराव बावसकर आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. औषध आहे हे खरे, पण आपटायला दोन पळे लागतात.

मागच्या आषाढात आमच्या निंदणीला अकराजणी होत्या, त्यांतल्या चौघींच्या पायांत बूट होते. बांधावरून जाणाऱ्या एका पोराने "कवायत सुरू झाली!" म्हणून आरोळी ठोकली. धाकटीने खुरपे खांद्याला लावून त्याला सलाम केला.

ती आज येथे आली आहे, दाराजवळ खुर्चीवर बसली आहे, कारण तिला मांडी घालता येत नाही. तिच्या खुर्चीखाली दोन जोड ठेवले आहेत, एक रबरी आणि एक हंटर, दोन्हींचे माप पाच. चहा येईपर्यंत ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी घालून पाहावेत. फक्त आधी उलटे करून आपटावेत.