नातीचे गाल आणि घरगुती उपाय



आज मी कवितेवर बोलणार नाही, नातीच्या गालांवर बोलणार आहे.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली, घर भरून गेलं. तिसऱ्या महिन्यात बाळाचे गाल लाल आणि खरबरीत झाले. मग हातापायांवर चट्टे उठले. रात्रभर ती गाल घासायची. सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे.

आमच्याकडे उपायांना काय तोटा! माझ्या बहिणीने बेसन, हळद आणि साय कालवली. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाच्या पाल्याचं कढत पाणी सुचवलं. मी कपाटातून जैतुनाचं तेल काढलं, भाच्याने आखातातून पाठवलेलं. सगळं कसं नैसर्गिक! आठ दिवसांत चट्ट्यांतून लस वाहू लागली.

मग दोष कोणाचा? बाळाच्या आईचा! ‘काय खाल्लंस?’ असं जो तो विचारू लागला. तिचं अंडं बंद झालं, मासे बंद झाले, दूधही बंद झालं. नुसत्या वरणभातावर ती बाळाला पाजत होती. एका रात्री तिने विचारलं, ‘‘अब्बा, माझं दूधच वाईट आहे का हो?’’ मला उत्तर देता आलं नाही. सकाळी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

ते म्हणाले, हे इसब आहे. हा संसर्ग नाही, आईच्या दुधाचा दोष तर नाहीच. तिला पोटभर जेवू द्या. या बाळांची कातडी म्हणजे चुना भुसभुशीत झालेली भिंत. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची धूळ, साबण आत शिरतात. पुढे मी वाचलं, की २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध दाखवला. सर्वच बाळांत हा दोष नसतो, पण बऱ्याच जणांत असतो.

आता अशा भिंतीवर आम्ही काय करत होतो? बेसनाने ती खरवडत होतो, कढत पाण्याने सुकवत होतो. शिवाय फुटलेल्या कातडीतून खाण्याचा पदार्थ आत गेला, तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं. शेंगदाणा तेल असलेली मलमं इसबावर लावणं आणि पुढे होणारी शेंगदाण्याची अॅलर्जी, यांचा संबंध ब्रिटनमध्ये २००३ साली दिसून आला. माझं जैतुनाचं तेलही सुटलं नाही. ते कातडीची भिंत कमकुवत करतं, असं २०१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या प्रयोगात आढळलं. आपलं खोबरेल मात्र बरं निघालं. फिलिपिन्समध्ये २०१४ साली मुलांच्या सौम्य ते मध्यम इसबावर शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. तरी तेही आधी थोड्याशा जागी लावून पाहावं आणि ओल्या जखमेवर लावू नये.

डॉक्टरांनी सांगितलेला क्रम साधा होता. अंघोळ कोमट पाण्याची, ५ ते १० मिनिटांची. सुवासिक साबण नको. जुन्या सुती फडक्याने अंग टिपायचं, चोळायचं नाही. ओलसर अंगावर लगेच बिनवासाचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची, दिवसातून दोनतीनदा. कपडे सुती आणि सैल. लोकरीचं टोपडं, धुरी आणि शेगडी बंद. नखं बारीक कापलेली.

चट्ट्यांसाठी त्यांनी थोडे दिवस सौम्य स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. मी दचकलो. ‘‘झाडपाल्याचं काही नाही का?’’ असं विचारलं. ते म्हणाले, ‘‘आग लागलीय. आधी विझवू, मग भिंत लिंपू.’’ सांगितलं तेवढंच आणि सांगितले तितकेच दिवस लावलं, तर भिण्याचं कारण नाही. भ्यायचं ते बिननावाच्या डबीला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या मुलांना लावली जाणारी २४ ‘वनौषधी’ मलमं तपासली गेली. त्यांपैकी २० मध्ये स्टेरॉइड निघालं, असं २००३ साली प्रसिद्ध झालं. आणखी एक लक्षात ठेवा. पिवळी खपली, पू, ताप किंवा झपाट्याने पसरणारे पाण्याचे फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

श्रोतेहो, मी शब्दांवर जगणारा माणूस, पण ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने मला फसवलं. अहो, बिब्बाही झाडालाच लागतो! तो उतला की काय होतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. बाळाला काही लावताना ते कुठून आलं हे विचारण्याआधी, ते तिच्या कातडीला सोसेल का, हे विचारायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी नात सलग झोपली. थंडीत चट्टे अजून डोकावतात. वयाबरोबर बऱ्याच मुलांचं इसब कमी होतं, म्हणून आम्ही धीराने मलम लावत राहतो. परवा मुलीने बांगड्याच्या कालवणाचा दुसरा वाडगा मागितला. यावेळी कोणीही तिला ‘काय खातेस?’ असं विचारलं नाही.