मन एक, उत्तरे दोन

(वैभववाडी येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आमच्याच घरची एक हकीकत आपणांपुढे मांडतो. काही वर्षांपूर्वी मुंबईस असलेल्या माझ्या भावांना मी पत्राने विचारले, "वडिलोपार्जित घर व काजूची बाग विकावी काय?" "वाडवडिलांची वास्तू विकणे नाही," असे सर्वांनी एकमुखाने कळविले. पुढे गिऱ्हाईक आले, तेव्हा मी विचारले, "प्रत्येकाच्या वाट्यास किती रक्कम आली म्हणजे पुरे?" आता वास्तूचे नाव कोणी काढीना, आकडे मात्र भराभर आले!

मला वाटले, हे ढोंग आहे. परंतु विचारान्ती उमगले की, दोन्ही उत्तरे प्रामाणिकच होती. पहिल्या प्रश्नाने डोळ्यांपुढे तुळशीवृंदावन आणले, दुसऱ्याने मुलांच्या शिक्षणाचा खर्च.

डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. साथीत ६०० माणसे दगावण्याचा संभव आहे, असे कल्पून त्यांनी दोन उपाय पुढे ठेवले. पहिल्याने २०० खात्रीने वाचतील. दुसऱ्याने सर्व वाचण्याचा संभव एक-तृतीयांश व कोणीच न वाचण्याचा दोन-तृतीयांश. शेकडा ७२ जणांनी पहिला उपाय निवडला. दुसऱ्या गटास तेच उपाय मृतांची संख्या सांगून विचारले : पहिल्याने ४०० मरतील, इत्यादी. तेव्हा शेकडा ७८ जणांनी दुसरा उपाय पत्करला. हिशेब तोच, केवळ शब्द निराळे! कानेमन यांस २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

तात्पर्य, आपली पसंती पेटीतल्या दागिन्याप्रमाणे मनात तयार ठेवलेली नसते. पुष्कळदा ती विचारल्यावर घडते, आणि ती घडविण्यात विचारणाराचाही हात असतो. म्हणून प्रश्न विचारणारावर मोठी जबाबदारी आहे.

माझी चूक तर याहून मोठी होती. बहिणीला मी विचारलेच नव्हते! वास्तविक २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. अखेर तिला विचारले, तेव्हा तिने उलट सर्वांनाच विचारले, "घर ठेवायचे, तर दरसाल शाकारणी कोणी करायची? आणि विकायचे, तर गणपतीला कोठे जमायचे?" या प्रश्नात दोन्ही बाजू एकत्र आल्या, आणि निर्णय झाला : बागेचा एक तुकडा विकला, घर राखले, खर्च वाटून घेतला.

बंधुभगिनींनो, जमिनीचा व्यवहार असो वा मुलामुलींचा विवाह, घरातील प्रत्येकास विचारा, आणि दोन्ही अंगांनी विचारा. उत्तरे जुळली नाहीत, तर कोणावर रागावू नका. निर्णय अजून पिकलेला नाही, एवढेच समजा.