पोरांच्या नावाचा पैसा पोरांपर्यंत पोचला पाहिजे

(संघटनेच्या शिबिरात एका हायस्कूलच्या गुरुजींनी केलेले भाषण)



दोन दिवस इथं नवाडाच्या दाव्यांवर बोलणं चाललंय. कार्यकर्ते मला म्हणाले, गुरुजी, तुम्ही शाळेवर बोला. मी म्हटलं, जमिनीचा कागद आणि शाळेचा कागद एकाच पेटीत ठेवायचे असतात. ते कसं, ते सांगतो.

शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या पोरांना, आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकलं की कायदा मागे राहतो. आणि आपली पोरं गळतात ती तिथंच. वह्या-पुस्तकं, बाजारगावी राहायचा खर्च. दिवाळी झाली की घरचे ऊसतोडीला गुजरातेत निघतात. पंधरा वर्षांची पोरगी मागे कोणाजवळ ठेवायची? तीही कोयता घेऊन जाते.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. म्हणून तर आदिवासी मुलांच्या नावानं वेगळा पैसा ठेवलाय. नववी-दहावीसाठी केंद्राची शिष्यवृत्ती 2012 साली सुरू झाली. तेव्हा घरून ये-जा करणाऱ्याला महिना 150 रुपये, दहा महिने, आणि पुस्तकांना 750 मिळायचे. म्हणजे वर्षाला 2250. वसतिगृहात राहणाऱ्याला तेव्हा महिना 350 आणि पुस्तकांना 1000, म्हणजे 4500 मिळायचे. आठवी पास होऊन नववीत आलेल्या आदिवासी मुलीच्या नावानं 3000 रुपयांची ठेव, ही 2008 ची योजना होती. ती अठरा वर्षांची झाली आणि दहावी पास असली की व्याजासकट मिळायची. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट, तो वेगळा.

हा पैसा इमारतीचा नाही, संस्थेचा नाही. पोराच्या नावानं येतो. मग अडतो कुठं?

आमच्याच शाळेतली गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गात वनगावातली एक मुलगी होती. गणितात हुशार. अर्ज भरायची वेळ आली तर जातीचा दाखला नाही. बाप तहसीलला गेला. सातबारा आणा म्हणाले. वनगावात सातबारा कुठून येणार? मग 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून इथंच राहता याचा पुरावा आणा म्हणाले. बापाच्या चार खेपा झाल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली. तोवर मुदत संपली. मीही तिचा अर्ज 'अपूर्ण' म्हणून कपाटात ठेवून दिला. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

दिवाळीनंतर ती आली नाही. होळीच्या बाजारात भेटली. हातावर उसाच्या पात्यांचे चरे. विचारलं तिनं, "गुरुजी, माझं नाव हजेरीत आहे का अजून?" नाव होतं. पण वर्ष गेलं होतं.

त्यानंतर आम्ही शाळेत काम बदललं. आता आठवीतच प्रत्येक पोराची यादी करतो, कोणाकडे कोणता कागद नाही त्याची. आजाचा, काकाचा जुना शाळेचा दाखला शोधतो. जन्म-मृत्यूची जुनी नोंद काढतो. घराण्यात कोणाला जातीचा दाखला मिळालेला असेल तर त्याची प्रत जोडतो. अर्ज शाळेतूनच एकगठ्ठा पाठवतो, बापाच्या खेपा वाचतात. बँकेत खातं आधी उघडतो. आणि फळ्यावर लिहितो: अर्ज गेला, मंजूर झाला, इतके रुपये जमा झाले. फळ्यावर लिहायला सुरुवात केली तेव्हा काही जण नाराज झाले. होऊ द्या.

पैशानं सगळं भागतं असं नाही. महिना 350 म्हणजे दिवसाला बारा रुपयेसुद्धा नव्हते. म्हणून संध्याकाळी वसतिगृहात आम्ही दोघे शिक्षक गणित-इंग्रजीचा जादा तास घेतो. ज्यांचे आईबाप तोडीला जातात त्यांना वसतिगृहात आधी जागा द्या, असं भांडून ठरवून घेतलं. तरी गेल्या वर्षी नववीतल्या दोघी गेल्याच. पण आधी दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी दिसायची.

आता जमिनीचं. वनहक्काच्या दाव्याला तुम्ही काय जोडता? म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या. त्या पावतीवर आजाचं नाव आहे, गावाचं नाव आहे, तारीख आहे. ज्या पावतीनं आजाला चोर ठरवलं, तीच आज सांगते की हा माणूस इथलाच. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतात. या सगळ्याची एकेक प्रत नातवंडांच्या दाखल्याच्या फायलीला लावा. रहिवासाचा पुरावा कमी पडायचा नाही.

आणि ग्रामसभेत विचारा. आपल्या गावची किती पोरं नववीत? किती अर्ज गेले? किती पैसे खात्यात आले? ज्याचा अर्ज अडला, तो कोणत्या कागदासाठी? मुख्याध्यापकांना, वसतिगृहाच्या गृहपालांना बोलवा आणि उत्तर लिहून घ्या. मला बोलवा, मीही येईन, आणि मलाही विचारा.

हे जूनमध्ये विचारा, दिवाळीला नाही. दिवाळीपर्यंत पोरगी मुकादमाच्या गाडीत बसलेली असते.

जिंदाबाद.