काजळीतला पतंग

इंग्लंडमधला पेपर्ड मॉथ हा पतंग रात्री उडतो आणि दिवसभर झाडावर निपचित बसून राहतो. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद ज्या खोडाफांद्यांवर वाढतात, तिथं तो बसला की शोधूनही सापडत नाही.

१८४८ साली मँचेस्टरमध्ये याच जातीचा काळाकुट्ट पतंग सापडला. गिरण्यांच्या धुरानं दगडफूल मरत होतं, खोडं काजळत होती. अशा खोडावर पांढरा पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरायचा. काळा वाचायचा आणि त्याची प्रजा वाढायची. १८९५पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले.

मात्र एकाही पतंगानं आपला रंग बदलला नव्हता, हे नीट लक्षात घ्यायला हवं. काळेपणा आला तो एका जनुकातल्या अपघाती बदलातून. निवड केली पक्ष्यांच्या चोचींनी.

धुराला आळा घालणाऱ्या १९५६च्या कायद्यानंतर हवा हळूहळू निवळली आणि पारडं फिरलं. केंब्रिजचे संशोधक मायकेल मजेरस यांनी तर विलक्षण चिकाटीनं सहा वर्षांत ४,८६४ पतंग झाडांवर सोडले. त्यांतले काळेच जास्त प्रमाणात टिपले गेले, आणि ते मटकावणारे पक्षी मजेरस यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.