किमतीचा तळ कोणी ठरवायचा?



साबणाच्या वडीवर छापलेली असते ती कमाल किंमत. दुकानदाराने तिच्यावर जायचे नाही. खाली यायला त्याला मोकळीक आहे. मी आज बोलणार आहे ते उलट बंधनाविषयी. कारखानदार दुकानदाराला बजावतो, अमुक किमतीखाली विकलेस तर याद राख!

मारुती सुझुकीचेच प्रकरण घ्या. कंपनीने ठरवली त्याहून जास्त सूट विक्रेत्याने द्यायची नाही, वर फुकट सामानही द्यायचे नाही. हे पाळले जाते की नाही ते पाहायला शोरूममध्ये खोटी गिऱ्हाइके पाठवली जात. ती घासाघीस करीत, पुरावा टिपून घेत, आणि मग दंड. दंड नुसत्या विक्रेत्याला नव्हे. गाडी विकणाऱ्या साध्या नोकरालाही! भारतीय स्पर्धा आयोगाच्या निकालात हे वाचले तेव्हा मी तेथेच थांबलो. (शाळा लवकर सुटली, कायदा मी अजून ओळीवर बोट ठेवूनच वाचतो.)

एका शहरात एकाच गाडीचे चार विक्रेते असले, तरी भावापुरते ते एकच दुकान झाले. गिऱ्हाइकाने चार उंबरे झिजवून काय मिळवायचे?

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. एकजण चांगली शोरूम थाटतो, गाडी फिरवून दाखवतो. गिऱ्हाईक तेथे सगळे पाहून घेते आणि स्वस्तात विकणाऱ्याकडे जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच २००२ च्या स्पर्धा कायद्याने अशी प्रत्येक अट सरसकट बेकायदा ठरवलेली नाही. स्पर्धेची लक्षणीय हानी दिसावी लागते. येथे ती आयोगाला दिसली. २०२१ साली त्याने २०० कोटी रुपयांचा दंड केला आणि कंपनी अपिलात गेली.

आता माझ्यावरचा आक्षेप. एक दुकानदार स्नेही म्हणाले, "तुम्ही युनियनवाले मजुरीचा तळ मागता, मग आमच्या भावाला तळ असला तर तुमचे पोट का दुखते?" प्रश्न बिनतोड वाटला; रात्रभर डोक्यात राहिला. पण १९४८ चा किमान वेतन कायदा काढून पाहिला. दर सुचविणाऱ्या समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसवायचे, असे त्यात लिहिले होते. गाडीच्या सुटीचा आकडा कंपनी ठरवी, आणि दंडाची पावती फाटे ती शोरूममधल्या पोराच्या नावाने.