मुक्या जिवाचे दुखणे आणि क्ष-किरणांची विद्या

(मंडळाच्या नांदेड येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात काही उपयुक्त विषयावर बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही थोडे घुटमळलो. आपल्या व्यासपीठावर संतवाङ्‌मयावर आणि समाजसुधारणेवर बोलणारे अधिकारी वक्ते येऊन गेले आहेत. आमचा जन्म गेला तो गुरांच्या दवाखान्यात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील गोठे तीस वर्षे पालथे घातले, एवढीच काय ती आमची शिदोरी. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी जिचे नाव ऐकले नसेल, अशा एका विद्येविषयी चार शब्द बोलावे, असे योजिले आहे. जनावराच्या देहाच्या आतील चित्र घेऊन दुखणे ओळखणे आणि किरणांच्या साहाय्याने त्याच्या कर्करोगावर उपचार करणे, ही ती विद्या होय.

प्रारंभ घरच्याच गोष्टीने करतो. आमच्या लहानपणी दावणीला एक लाल कंधारी बैल होता. अंगाने गर्द तांबडा, कामाला वाघ. एके वर्षी पोळा झाल्यावर तो मान एका बाजूस कलती धरू लागला. मधूनच डोके झटकी, शिंग गव्हाणीवर घाशी. आबा म्हणाले, "शिंगे साळताना हत्यार खोल गेले असेल, येईल भरून." पुढे त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येऊ लागले. माघात शिंग सैल झाले, वाकले आणि उन्हाळ्यात गळून पडले. आत फुलकोबीच्या गड्ड्यासारखे मांस वाढलेले होते. त्यात किडे पडले आणि बैल गेला. त्या साली मृगाची पेरणी उसन्या बैलावर झाली, ती उशिरा झाली, पीक हाती लागले नाही, आणि थोरल्या दादांची शाळा त्याच वर्षी सुटली. आबांना आम्ही दोष देत नाही. त्यांना हे दुखणे ठाऊक नव्हते, आणि आमच्या गावात ते ठाऊक असणारा कोणी नव्हता.

हे दुखणे म्हणजे शिंगाचा कर्करोग. शिंगाच्या आत हाडाचा जो गाभा असतो, त्याच्या पोकळीतील अस्तरापासून तो उद्भवतो. आपल्या देशी गुरांत तो विशेष आढळतो. गाय आणि वळू यांच्यापेक्षा खच्ची केलेल्या बैलांत अधिक, आणि तोही पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयात. बहुधा एकाच शिंगास होतो. कारणांविषयी अनेक तर्क आहेत. शिंगाला दोर बांधल्याने होणारे घर्षण, शिंगे साळणे, प्रखर ऊन, खच्चीकरणामुळे शरीरातील रसांत होणारा बदल, या सर्वांवर संशय घेतला गेला आहे. परंतु हेच एक कारण, असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. उपाय मात्र ठाऊक आहे. रोग शिंगापुरता आहे तोवर शिंग मुळापासून काढून वरून कातडी शिवून घेतली, तर बैल वाचण्याचा चांगला संभव असतो. रोग कवटीत उतरल्यावर शस्त्राचा उपाय चालत नाही. म्हणून सारा प्रश्न वेळेचा आहे, आणि वेळ साधण्यासाठी आत डोकावणारी दृष्टी हवी.

ती दृष्टी जगाला 1895 मध्ये लाभली. जर्मनीत वुर्झबुर्ग येथे राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, आणि लगेच पुढच्या वर्षी, 1896 मध्ये, युरोपातील पशुवैद्यांनी घोड्याच्या पायाची क्ष-किरण चित्रे घेतली. माणसाच्या मागोमाग मुक्या प्राण्यालाही या शोधाचा लाभ मिळाला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आज या चित्रात बैलाच्या शिंगातील हाड कुठवर झिजले, पोकळी कितपत भरली, हे दिसू शकते. गाईने चाऱ्याबरोबर गिळलेला खिळा किंवा तारेचा तुकडा दिसतो. सोनोग्राफीने पोटातील वासरू दिसते. रोगी बोलत नाही, तेव्हा चित्रानेच त्याची साक्ष द्यावयाची.

किरणांनी उपचार करण्याची विद्या याच्या पुढची. ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे अलोइस पोमर यांनी 1930 नंतरच्या दशकात जनावरांवर क्ष-किरणोपचार पद्धतशीरपणे करून त्याचे अनुभव लिहून ठेवले, आणि पुढे अमेरिकेत कोलोरॅडो येथील विद्यापीठाने हे कार्य वाढविले. किरणांमुळे पेशीतील वंशसूत्रांस इजा होते. निरोगी पेशी ती बऱ्याच अंशी भरून काढतात, रोगट पेशींना ते तितके साधत नाही. म्हणून मात्रा एकदम न देता थोडी थोडी, अनेक दिवसांत विभागून देतात. परदेशांत पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गुरांना डोळ्याचा कर्करोग होतो. पेशींच्या प्रकाराने तो आपल्या शिंगाच्या कर्करोगाचा सख्खा भाऊ. तो लहान व वरवरचा असेल तर स्ट्राँशियम-90 या किरणोत्सारी द्रव्याची पट्टी लावून बरा करतात, कारण तिचे किरण काही मिलिमीटरच आत शिरतात.

मग आपल्या बैलाला हेच उपचार का करू नयेत, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक खेपेस जनावर निश्चल राहावे लागते, त्यासाठी भूल द्यावी लागते. चारशे-पाचशे किलोचा रवंथ करणारा प्राणी वारंवार भूल देऊन आडवा पाडणे धोक्याचे असते. पोट फुगते, श्वास कोंडतो. यंत्राचा खर्च वेगळाच. म्हणून कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत ही विद्या जितकी पुढे गेली, तितकी बैलाच्या बाबतीत गेली नाही. आम्ही आपणांस खोटी आशा दाखवीत नाही. परंतु जे झाले नाही, तेच संशोधकाचे क्षेत्र असते.

असे संशोधक आपल्या महाराष्ट्रात झालेच नाहीत, असे मात्र नव्हे. 1952 मध्ये मुंबईत परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. माणसाच्या कर्करोगासाठी स्थापिलेल्या त्या संस्थेच्या परंपरेत बैलाच्या शिंगाकडेही कोणाचे तरी लक्ष गेले. नाईक, बालकृष्णन आणि रांदेलिया या संशोधकांनी भारतीय गुरांच्या निरनिराळ्या जातींत या रोगाचे प्रमाण कसे आहे, याविषयीचा आपला निबंध 1969 मध्ये ब्रिटनच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्वानांनी गोठ्यातील दुखण्यावर असे काम करावे, यातच त्यांचे मोठेपण आहे. लाल कंधारी ही आपल्या कंधारची जात, देवणी ही आपल्या लातूरची. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीचे तीन रंग आपण माळेगावच्या यात्रेत कौतुकाने पाहतो. त्यांचे दुखणे शोधण्याचे काम आपल्या मुलांनी केले, तर त्यात नवल ते काय?

आता मूळ मुद्दा. लातूर पॅटर्नची कीर्ती सर्वत्र पसरली आहे. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली तेथे रात्रंदिवस अभ्यास करतात. परीक्षेत थोडे गुण कमी पडून पशुवैद्यकाची जागा मिळाली, की घरात सुतक आल्यासारखी कळा पसरते. "गुरांचा डॉक्टर" हे शब्द आपण हिणवून उच्चारतो. स्थळ पाहताना तर हे फारच जाणवते. बंधूंनो, ज्या बैलाच्या खांद्यावर आपल्या वाडवडिलांनी संसार पेलले, पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे आपण लोणी-हळदीने मळतो, त्याच्या वैद्याला कमी लेखणे ही कृतघ्नताच नव्हे काय? उदगीर व परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. मुंबईचे तर 1886 पासून आहे. साडेपाच वर्षांत पदवी मिळते. त्यापुढे शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र या विषयात पदव्युत्तर अभ्यास करता येतो, आणि मग आयुष्य पुरणार नाही एवढे संशोधन समोर पडलेले आहे. कुत्र्यांच्या हाडाच्या कर्करोगात पाय न तोडता रोगट हाड तेवढे काढण्याची जी रीत कोलोरॅडो येथे विकसित झाली, तिचा उपयोग पुढे लहान मुलांच्या उपचारालाही झाला. प्राण्याची सेवा फिरून माणसाच्याच पदरी पडते, ती अशी.

शेवटी तीन विनंत्या. पहिली, येत्या पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावण्यापूर्वी ती हाताने चाचपून पाहा. मान कलती असेल, एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, शिंग हलत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि शिंगे साळताना हात आखडता ठेवा. दुसरी, मुलामुलीने ही विद्या निवडली तर तिला दुय्यम म्हणू नका. तिसरी, मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी एक शिष्यवृत्ती पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. तिला आमचे नाव नको. ज्यांची शाळा एका बैलापायी सुटली, त्या थोरल्या दादांच्या नावे ती असावी, एवढीच इच्छा आहे.